समुद्रावर जाण्याआधीचे तीन दिवस

तेलंगणाच्या उत्तर सीमेवरील आदिलाबाद जिल्ह्याला समुद्र नाही. पैनगंगा ओलांडली की यवतमाळ, पश्चिमेला किनवट. काळी जमीन, कापसाची शेती आणि तेलुगूच्या जोडीला गोंडी व मराठी बोलणारी गावे. तरीही जुना आदिलाबाद, निजामाबाद आणि करीमनगर या जिल्ह्यांतून आखाती देशांत कामासाठी जाण्याची वाट कित्येक दशकांची आहे. वेल्डर, फिटर, मचाण बांधणारे, रंगारी, आचारी, मदतनीस असे अनेक जण या वाटेने गेले. त्यांपैकी ज्यांच्या वाट्याला तेल आणि वायूच्या क्षेत्रातले काम येते, त्यांच्यापुढे हातातल्या कसबाखेरीज आणखी एक अट उभी राहते. ती म्हणजे सुरक्षेच्या प्राथमिक प्रशिक्षणाचे प्रमाणपत्र.

गोव्यातील तारवटींच्या घरांना अशी अट नवी नाही. जहाजावर चढण्यापूर्वीचे सुरक्षा अभ्यासक्रम आणि दर पाच वर्षांनी होणारी त्यांची उजळणी इथे अनेक कुटुंबांच्या परिचयाची आहे. शिवाय तेल उद्योगातील सुरक्षा प्रशिक्षणाची देशातील एक महत्त्वाची संस्था दक्षिण गोव्यातील बेतूल येथेच आहे. म्हणूनच समुद्र न पाहिलेल्या जिल्ह्यातील तरुणाकडून हे प्रमाणपत्र का मागितले जाते, त्या दोन-तीन दिवसांत त्याला काय शिकवले जाते आणि काय शिकवले जात नाही, हे समजून घेणे उपयुक्त ठरेल.

अभ्यासक्रम कशाचा?

पहिला गैरसमज येथेच दूर करायला हवा. हे अभ्यासक्रम तेल काढायला शिकवत नाहीत. विहीर खोदण्याचे, वाहिनी जोडण्याचे किंवा यंत्र चालवण्याचे कौशल्य वेगळे असते आणि त्याला महिने किंवा वर्षे लागतात. प्राथमिक प्रशिक्षणाचा हेतू एकच आहे. काही बिघडलेच, तर नवख्या माणसाला जिवंत बाहेर पडता यावे आणि त्याच्या अज्ञानामुळे दुसऱ्याचा जीव धोक्यात येऊ नये.

समुद्रातील कामासाठी जगभर सर्वाधिक ओळखला जाणारा अभ्यासक्रम ‘बोसिएट’ या नावाने प्रसिद्ध आहे. त्याचे मानक ‘ओपिटो’ ही ब्रिटनमधील संस्था ठरवते आणि तिची मान्यता असलेली केंद्रे ते शिकवतात. मूळ अभ्यासक्रम तीन दिवसांचा असून प्रमाणपत्र चार वर्षे चालते. मुदत संपण्यापूर्वी एका दिवसाची उजळणी करावी लागते. उत्तर समुद्रासारख्या थंड पाण्यात अंगभर जलरोधक पोशाख लागतो, तर उष्ण प्रदेशांसाठी त्या पोशाखाविना चालणारी निराळी आवृत्ती आहे.

या तीन दिवसांत सुरक्षेचे सामान्य नियम, आग विझवणे, प्रथमोपचार, समुद्रात तग धरणे आणि पाण्यात पडलेल्या हेलिकॉप्टरमधून सुटका हे भाग येतात. आगीच्या भागात कोणत्या आगीवर कोणते अग्निशामक वापरायचे आणि धुराने भरलेल्या अंधाऱ्या खोलीतून भिंतीच्या आधाराने बाहेर कसे यायचे, हे प्रत्यक्ष करून घेतले जाते. पाण्याच्या भागात जाकीट नीट बांधणे, उंचावरून पाय खाली ठेवून उडी मारणे, पाण्यात एकमेकांना धरून ऊब टिकवणे आणि उलटलेला तराफा सुलटा करणे शिकवतात. पट्टीचा पोहणारा असणे आवश्यक नसते, कारण जाकीट अंगावर असते. मात्र पाण्याची भीती असल्यास ती लपवू नये, प्रशिक्षकाला आधीच सांगावी.

हेलिकॉप्टर उलटते तेव्हा

समुद्रातील मंचावर जाणारा प्रत्येक जण, मग तो अभियंता असो की आचारी, बहुधा हेलिकॉप्टरनेच जातो. हेलिकॉप्टरचे इंजिन आणि पाते वरच्या बाजूला असल्याने त्याचा भार वर असतो. त्यामुळे पाण्यावर उतरावे लागल्यास ते उलटण्याची शक्यता मोठी असते. प्रशिक्षण केंद्रात हेलिकॉप्टरच्या आकाराचा पिंजरा तलावात सोडून उलटा केला जातो. नाकात पाणी शिरते आणि वर-खाली यांचे भान हरपते. अशा वेळी एक हात खिडकीच्या चौकटीवर ठेवायचा, पाण्याची खळबळ थांबेपर्यंत थांबायचे, खिडकी ढकलायची आणि पट्टा सर्वांत शेवटी सोडायचा. पट्टा आधी सोडला तर शरीर तरंगू लागते आणि दार कुठे आहे हेच कळेनासे होते. वाक्यात हे सोपे वाटते. पण उलट्या अवस्थेत ते एकदा करून पाहिल्याशिवाय हाताच्या सवयीचे होत नाही.

ही भीती काल्पनिक नाही. २८ जून २०२२ रोजी मुंबईपासून दूर अरबी समुद्रात ‘सागर किरण’ या रिगजवळ एक हेलिकॉप्टर पाण्यात पडले. त्यात नऊ जण होते. पाच वाचले, चौघांचा मृत्यू झाला.

वास येईनासा झाला की

सगळेच काम समुद्रात नसते. आखातातील वाळवंटी क्षेत्रांत हेलिकॉप्टरचा प्रश्न नसतो, पण तेथे दुसरा शत्रू असतो. तो म्हणजे हायड्रोजन सल्फाइड. अनेक विहिरींतून तेल आणि नैसर्गिक वायूबरोबर हा विषारी वायू वर येतो. अल्प प्रमाणात असताना त्याला सडक्या अंड्यासारखा वास येतो. प्रमाण वाढून दहा लाख भागांत सुमारे शंभर भाग झाले, की काही मिनिटांतच नाकाची वास घेण्याची शक्ती बधिर होते. वास गेला म्हणजे वायू गेला, असे समजणारा माणूस तेथेच फसतो. हा वायू हवेपेक्षा जड असल्याने खड्डे, चर आणि टाक्यांच्या तळाशी साचतो.

म्हणून या विषयाच्या छोट्या अभ्यासक्रमात काही गोष्टी पुन्हा पुन्हा बजावल्या जातात. नाकावर नव्हे, शोधयंत्रावर विश्वास ठेवा. इशारा वाजताच वाऱ्याची दिशा दाखवणारी कापडी नळी पाहा आणि वाऱ्याच्या विरुद्ध बाजूला, शक्यतो उंचावर जा. सर्वांत कठीण सूचना अशी की, समोर सहकारी कोसळला तरी श्वसनयंत्र न लावता त्याच्याकडे धावू नका. अशा दुर्घटनांत पहिल्या माणसामागोमाग त्याला वाचवायला गेलेलेही बळी पडतात. ही गोष्ट माणसाच्या सहज स्वभावाविरुद्ध आहे आणि म्हणूनच ती शिकावी लागते.

अपघातांनी लिहिलेला अभ्यासक्रम

या प्रशिक्षणाचे आजचे रूप मोठी किंमत मोजून घडले आहे. ६ जुलै १९८८ रोजी उत्तर समुद्रातील ‘पायपर अल्फा’ या मंचावर स्फोट होऊन १६७ जणांचा मृत्यू झाला. एका पंपाची सुरक्षा झडप दुरुस्तीसाठी काढली होती. ही माहिती पुढच्या पाळीपर्यंत नीट पोहोचली नाही आणि तोच पंप सुरू केला गेला. आज नवख्या कामगाराला ‘कामाचा परवाना’ ही पद्धत पहिल्याच दिवशी का समजावतात, याचे उत्तर या घटनेत आहे. परवान्याचा कागद म्हणजे कार्यालयीन सोपस्कार नसून, कोणते यंत्र उघडे आहे हे दुसऱ्या पाळीला सांगणारा निरोप आहे.

भारतात २७ जुलै २००५ रोजी मुंबई हाय क्षेत्रात जखमी आचाऱ्याला मंचावर पाठवण्यासाठी आलेले सहायक जहाज मंचाच्या वायुवाहिनीवर आदळले. लागलेल्या आगीत मंच नष्ट झाला, २२ जणांचे प्राण गेले आणि साडेतीनशेहून अधिक जणांना वाचवण्यात यश आले. त्यानंतर १७ मे २०२१ रोजी तौक्ते चक्रीवादळात ‘पी-३०५’ ही निवासी बार्ज बुडाली. तीवरील २६१ जणांपैकी १८६ जण वाचले. त्यांतील अनेकांनी केवळ जाकिटाच्या आधारे खवळलेल्या पाण्यात कित्येक तास काढले.

या शेवटच्या घटनेतून प्रशिक्षणाची मर्यादाही दिसते. वादळाची सूचना मिळाल्यावर बार्ज तेथे ठेवायची की हलवायची, हे कामगार ठरवत नाही. तराफे सुस्थितीत ठेवणे त्याच्या हाती नसते. तीन दिवसांचा अभ्यासक्रम कामगाराला शेवटच्या क्षणासाठी तयार करतो. तो क्षण येऊच नये, ही जबाबदारी मालकाची आणि कंत्राटदाराची आहे. प्रमाणपत्र दाखवून ती झटकता येत नाही.

बेतूलची सोय

‘ओएनजीसी’ची पेट्रोलियम सुरक्षा, आरोग्य व पर्यावरण व्यवस्थापन संस्था १९८९ पासून कार्यरत आहे. तिच्याच परिसरात ६ फेब्रुवारी २०२४ रोजी पंतप्रधानांच्या हस्ते सागरी जीवरक्षण केंद्राचे उद्घाटन झाले. नियंत्रित परिस्थितीत वादळी हवामानाचा अनुभव देऊन सराव करून घेणारे हे केंद्र वर्षाला दहा ते पंधरा हजार जणांना प्रशिक्षण देऊ शकेल, असे त्या वेळी सांगण्यात आले. अशी सोय देशात वाढणे महत्त्वाचे आहे, कारण तलाव, पिंजरा आणि धुराची खोली यांशिवाय हा विषय शिकवताच येत नाही.

खाणीची परंपरा आणि खर्चाचा प्रश्न

आदिलाबादच्या जुन्या पिढीला ‘आधी प्रशिक्षण, मग काम’ हे तत्त्व परके नाही. २०१६ मध्ये जिल्ह्याचे विभाजन होण्यापूर्वी बेल्लमपल्ली, मंदामर्री, श्रीरामपूर हा सिंगरेणी कोळसा खाणींचा पट्टा याच जिल्ह्यात होता. आज तो मंचेरियाल जिल्ह्यात आहे. १९६६ च्या खाण व्यावसायिक प्रशिक्षण नियमांनी नव्या कामगाराला प्रशिक्षणाशिवाय खाणीत उतरवण्यास मनाई केली आणि त्या प्रशिक्षणाची व्यवस्था खाण व्यवस्थापनावर सोपवली. विशेष म्हणजे १९५२ च्या खाण अधिनियमाच्या व्याख्येत तेलविहीरही ‘खाण’ या संज्ञेतच येत असे.

परदेशी नोकरीच्या बाजारात मात्र हा भार अनेकदा कामगारावर येतो. नोकरी हाती नसताना प्रमाणपत्रासाठी कर्ज काढायचे, मुंबईला किंवा अन्य शहरात राहायचे आणि चार वर्षांची मुदत सुरू झाली की कामाची वाट पाहायची. याच अगतिकतेवर बनावट प्रमाणपत्रांचा आणि ‘एका दिवसात सगळे अभ्यासक्रम’ देण्याच्या भूलथापांचा धंदा चालतो. खोट्या कागदाने पैसे बुडतात, हे नुकसान लहान आहे. मोठे नुकसान असे की, उलट्या हेलिकॉप्टरमध्ये कागदाचा काही उपयोग नसतो.

जाण्यापूर्वी

इच्छुकाने प्रथम एकच प्रश्न विचारावा: काम जमिनीवर आहे की समुद्रात? जमिनीवरच्या कामाला बहुधा विषारी वायू, आग आणि कामाचा परवाना यांचे प्रशिक्षण पुरते. तेथे हेलिकॉप्टरच्या अभ्यासक्रमाचे पैसे कोणी मागत असेल, तर कारण विचारावे. नोकरी देणारी कंपनी कोणत्या मानकाचे प्रमाणपत्र मान्य करते, हे लेखी घ्यावे. जहाजावरील ‘एसटीसीडब्ल्यू’ प्रमाणपत्र आणि ‘बोसिएट’ यांत साम्य असले, तरी ती एकमेकांना पर्याय नाहीत. केंद्राची मान्यता ‘ओपिटो’च्या किंवा नौवहन महासंचालनालयाच्या यादीत स्वतः पाहावी. तलाव आणि सराव नसलेल्या ठिकाणी जीवरक्षणाचे प्रमाणपत्र घेऊ नये.

परदेशी भरती करणारा दलाल १९८३ च्या उत्प्रवासन अधिनियमाखाली नोंदणीकृत असला पाहिजे. ही खात्री ‘ई-मायग्रेट’ संकेतस्थळावर करता येते. सेवाशुल्काची कमाल मर्यादा ३० हजार रुपये अधिक वस्तू व सेवा कर इतकी आहे. तेलंगणातील उमेदवारांसाठी ‘टॉमकॉम’ ही शासकीय भरती संस्थाही आहे. दहावी न झालेल्यांसाठी केंद्र सरकारचे एक दिवसाचे प्रस्थानपूर्व मार्गदर्शन असते. त्यात करार, हक्क आणि मदतीच्या जागा समजतात. मात्र ते सुरक्षा प्रशिक्षणाची जागा घेत नाही.

आदिलाबादहून नांदेडमार्गे मुंबईला जाणाऱ्या नंदिग्राम एक्स्प्रेसने एखादा वेल्डर निघतो, तेव्हा त्याचे कसब त्याच्या हातात असते. ते त्याला नोकरी मिळवून देईल. तलावातले ते तीन दिवस खरोखर पूर्ण केलेले असले, तर नोकरी संपल्यावर त्याच गाडीने गावी परतण्याची त्याची शक्यता वाढेल.