प्रोग्रामेबल स्विच आणि संगणक जाळ्यातील वाहतुकीचे मापन

सकाळच्या विरार लोकलमधील गर्दी मोजावयाची झाल्यास प्रत्येक प्रवाशाचे नाव टिपून घेणे शक्य नसते. संगणक जाळ्यातील वाहतुकीचे निरीक्षण करतानाही हीच अडचण येते. सेकंदाला १०० गिगाबिट क्षमतेच्या मार्गावरून लहानात लहान आकाराची सुमारे १४.८८ कोटी पॅकेट दर सेकंदाला जाऊ शकतात. म्हणजे एका पॅकेटच्या वाट्याला जेमतेम ६.७ नॅनोसेकंद येतात. म्हणूनच १९९६ पासून प्रचलित असलेल्या नेटफ्लो पद्धतीतही वेगवान मार्गांवर केवळ नमुन्यादाखल पॅकेट तपासण्याचा प्रघात पडला. त्यात लहान व क्षणिक प्रवाह निसटतात.

पवईच्या आयआयटीचे माजी विद्यार्थी जॉर्ज वर्गीस यांनी क्रिस्टियन एस्टन यांच्यासह २००२ मध्ये वेगळा विचार मांडला : सर्वांचा हिशेब ठेवण्याऐवजी मोठे प्रवाह तेवढे अचूक मोजावेत. तोवर स्विचमधील चिपचे काम कारखान्यातच ठरून येत असे. २०१४ मध्ये मांडल्या गेलेल्या पी४ या भाषेने, जिच्या मूळ शोधनिबंधाचे वर्गीस हेही एक सहलेखक होत, ते काम ठरविण्याचा अधिकार जाळे चालविणाऱ्याच्या हाती दिला.

मापनासाठी येथे 'काउंट-मिन स्केच' ही रचना उपयोगी पडते. समजा, मोजणीच्या ४ ओळी असून प्रत्येकीत ६५,५३६ रकाने आहेत. पॅकेटच्या पत्त्यावरून हॅश काढून प्रत्येक ओळीतील एका रकान्यात १ मिळविला जातो. दोन प्रवाह एकाच रकान्यात आल्यास आकडा फुगतो, घटत मात्र कधीच नाही. म्हणून चारही आकड्यांतील सर्वांत लहान आकडा ग्राह्य धरतात. ३२ बिटांचा रकाना धरल्यास या साऱ्यास अवघी १ मेगाबाइट स्मृती लागते, आणि फुगवटा एकूण पॅकेटसंख्येच्या ०.००४२ टक्क्यांच्या आत राहण्याची शक्यता किमान ९८ टक्के असते. पॅकेटमधील मजकूर वाचावा लागत नाही, हा लाभ लहान नव्हे. पत्त्यांची नोंद मात्र होतेच, तेव्हा ती कोणी व किती काळ ठेवावी हा प्रश्न उरतोच.

अशा स्विचमध्ये टोफिनो ही चिप अग्रेसर होती. तथापि इंटेलने २०२३ मध्ये तिच्या पुढील पिढ्यांचा विकास थांबविला. वसई-विरारमधील महाविद्यालयाने महाग यंत्राच्या मागे लागण्याचे कारणही नाही. मिनिनेट व बीएमव्ही२ ही मुक्त साधने प्रयोगशाळेतील साध्या संगणकावर चालतात. स्केचच्या ओळी व रकाने कमी-अधिक करून चूक कशी बदलते, हे विद्यार्थ्यांना तेथेच पडताळून पाहता येते.