चौकोन ते शंकरपाळं

चार वर्षांच्या मुलापुढे चौकोन ठेवला की ते बघून काढतं. शंकरपाळ्याचा आकार मात्र साधत नाही. तिरक्या रेघा जुळायला सातवं वर्ष उजाडावं लागतं. बिनेच्या बुद्धिमापन कसोटीला टर्मननं १९१६ साली जे रूप दिलं, त्यात हे दोन आकार याच वयांना नेमलेत. चिकित्सालयीन मानसशास्त्रात माझी उमेदीची वर्षं गेली, पण या मधल्या तीन वर्षांचं कुतूहल काही फिटत नाही.

इतिहास थोडक्यात उरकते. पॅरिसमध्ये बिने आणि सिमाँ यांची पहिली कसोटी १९०५ साली आली. आपल्याकडे व्ही. व्ही. कामतांनी ती मराठी आणि कानडी मुलांसाठी बेतली. ‘बिने-कामत’ आजही वापरात आहे. तिची प्रमाणकं मात्र स्वातंत्र्यापूर्वीची, त्यामुळे आजच्या मुलांचा बुद्ध्यंक फुगून येण्याचा धोका असतो. मुंबईत टाटांच्या समाजकार्य शाळेनं १९३७ साली बालमार्गदर्शन केंद्र काढलं. झालं.

आता माझ्या आवडत्या विषयाकडे. अमेरिकेत डॉल यांनी केलेली व्हाईनलँड सामाजिक परिपक्वता श्रेणी नागपूरच्या डॉ. मालिन यांनी भारतीय घरांसाठी बदलून घेतली. प्रश्न ८९, पण मुलाला एकही विचारायचा नाही, सगळे आईला. पेला धरून पितो का? बटणं लावतो का? दुकानातून सामान आणतो का? गंमत अशी, की मुलाला काय जमतं याला गुण नाहीत, ते रोज काय करतं याला आहेत. साहजिकच कसोटीला मुलाबरोबर सगळं घर बसतं.

मी काम करते भिगवणला. इथं पुण्या-मुंबईची मंडळी रोहित पक्षी बघायला येतात, पहाटेच कुंभारगावच्या होड्यांत बसतात. माझ्याकडे येतात ती मासळी बाजारातली माणसं. असाच एक नऊ वर्षांचा मुलगा आला. शाळेनं ‘मंद आहे’ म्हणून पाठवलेला. ओळीनं सांगितलेले पाच अंक परत म्हणताना तो अडखळला, आणि त्याच्या शंकरपाळ्याला दोन कान फुटले. मी मालिनचे प्रश्न काढले.

“सामान आणतो का?”

आई हसली. “मॅडम, सुट्ट्याचा हिशेब त्योच बघतो. चिलापीचं किती, मरळचं किती, तोंडी सांगतो गिऱ्हाइकाला.”

“बटणं?”

आजी मधेच बोलली, “मीच लावते की. शाळेची गाडी थांबतीय व्हय?”

आजीच्या मायेपायी नातवाचा गुण गेला! पण हिशेब तोंडी येतो आणि वाचायला बसवलं की अक्षरं फिरतात, म्हटल्यावर माझा रोख बदलला. आधी कान-डोळे तपासून घेतले, ते ठीक निघाले. मग वाचन-लेखनाच्या चाचण्या. मंद नव्हताच तो. अध्ययन अक्षमता होती. २०१६ च्या दिव्यांग कायद्यातल्या २१ प्रकारांत ती धरलेली आहे, आणि प्रमाणपत्र असलं तर दहावीला जादा वेळ मिळतो.

माझ्या मते खरं काम अहवालावर सही झाल्यावर सुरू होतं. ‘मंद नाही’ ऐकून आईनं डोळ्याला पदर लावला; वडील म्हणाले, “दिव्यांगाचा कागद? गावात कळलं तर?” पोराला वाचून दाखवा, उत्तरं तोंडी घ्या, असं मी शाळेला लिहून दिलं. घरी एकच सांगितलं, सकाळी दहा मिनिटं लवकर उठवा आणि बटणं त्याची त्याला लावू द्या.

आजीनं बटणांचं कबूल केलं. वडिलांनी कागदाचं अजून केलेलं नाही.