दगडात रचलेली पंचमहाभूते

जपानमधल्या जुन्या स्मशानांत पाच दगडांची एक उतरंड दिसते, तिला गोरिन्तो म्हणतात. तळाला चौकोनी ठोकळा म्हणजे पृथ्वी, त्यावर गोल म्हणजे जल, मग छपरासारखा उतरता दगड अग्नीचा, त्यावर अर्धगोल वायूचा आणि टोकाला मण्याच्या आकाराचे आकाश. पुष्कळदा प्रत्येक दगडावर सिद्धम् लिपीतले बीजाक्षर कोरलेले असते. यादी आपल्या पंचमहाभूतांचीच, आणि हा योगायोग नव्हे. भारतातला तांत्रिक बौद्ध विचार चीनमार्गे जपानला पोचला. 804 मध्ये चीनला गेलेला भिक्षू कूकाई 806 मध्ये परतला आणि त्याने शिंगोन पंथ रुजवला.

यावर कोणी म्हणेल, जपानची पाच तत्त्वे तर चिनी! तेही खरेच. मंगळवार ते शनिवार या वारांच्या जपानी नावांत अग्नी, जल, काष्ठ, धातू आणि माती ही चिनी पंचकडीच आहे. पण तिच्यात वायू नाही, आकाशही नाही. एकातून दुसरे उपजणाऱ्या अवस्थांचा तो हिशेब आहे. पंचांग तिने सांभाळले, मरणाचा प्रांत मात्र भारतीय वळणाच्या पंचकाकडे राहिला. मग जपानने नुसती उसनवारी केली का? तसेही नाही. कूकाईने पाचांना सहावे तत्त्व जोडले, चैतन्य. सतराव्या शतकात तलवारबाज मियामोतो मुसाशीने तर युद्धकलेच्या ग्रंथाचे पाच भागच या तत्त्वांवर बेतले. त्यातला वायूचा भाग प्रतिस्पर्धी घराण्यांची उणीदुणी काढण्यात खर्ची पडला आहे!