स्ट्रायकर थांबत का नाही?

हालचालीचा हिशेब : लेखांक ९

गेल्या आठवड्यात आपण गोट्यांपाशी थांबलो होतो. सारख्या वजनाच्या गोटीवर दुसरी गोटी नेमकी समोरून आदळली, की मारणारी जवळजवळ जागीच थबकते आणि मार खाणारी तिचा वेग घेऊन सुटते. आता कॅरमवर बघा. भोकाजवळच्या सोंगटीला स्ट्रायकर अगदी सरळ हाणला, की सोंगटी जाते आणि तिच्या पाठोपाठ स्ट्रायकरही. समोरचा गालात हसतो, आणि मिळवलेली सोंगटी आपण मुकाट्याने बोर्डावर ठेवतो.

स्पर्धेच्या नियमांप्रमाणे स्ट्रायकर जास्तीत जास्त १५ ग्रॅमचा, सोंगटी ५ ते साडेपाच ग्रॅमची. ढोबळमानाने तिप्पट. वस्तुमान गुणिले वेग म्हणजे संवेग, आणि टक्कर होण्याआधीचा एकूण संवेग टकरीनंतरही तेवढाच राहतो. स्ट्रायकर सेकंदाला २ मीटरने आला असं धरू. १५ गुणिले २, संवेग ३०. हे ३० दोघांत कसे वाटले जाणार?

इथे एक गंमत आहे, आणि शाळेत ती बहुधा घाईत निसटते. स्ट्रायकर थांबला आणि सोंगटी ६ च्या वेगाने गेली, तरी बेरीज ३० च. दोघं चिकटून दीडच्या वेगाने गेले, तरी ३० च. नुसत्या संवेगाच्या वहीत दोन्ही नोंदी चालतात! म्हणून दुसरी वही उघडावी लागते, गतिज ऊर्जेची. तिच्यात वस्तुमान गुणिले वेगाचा वर्ग मांडू (निम्मे करायचं राहू द्या, ते सगळीकडे सारखंच आहे). सुरुवातीला १५ गुणिले ४, म्हणजे ६०. सोंगटी ६ च्या वेगाने जायची तर १८० लागतील. ते आणायचे कुठून? चिकटून गेले तर ४५ च उरतात. बाकीचे १५ उष्णतेत जातील. सांडलेल्या चहाने बोर्ड चिकट झाला असेल तर तसं काहीसं होईलही. पण टक्कर चोख स्थितिस्थापक असेल, तर दोन्ही वह्या जुळवणारं उत्तर एकच: स्ट्रायकर १, सोंगटी ३. ताळा करून पाहा. (गणित आणखी एक उत्तर देतं, स्ट्रायकर २ आणि सोंगटी ०. त्याचा अर्थ नेम चुकला.)

म्हणजे सोंगटी स्ट्रायकरच्या दीडपट वेगाने सुटते आणि स्ट्रायकरकडे निम्मा वेग उरतो. उरलेला निम्मा वेगच दंड भरायला लावतो. मात्र वेग निम्मा झाला की घर्षणाने थांबेपर्यंतचं अंतर पाव होतं, म्हणून हलक्या हाताने मारणारा वाचतो. खऱ्या बोर्डावर 'टक्' आवाजात आणि उष्णतेत थोडी ऊर्जा जातेच, त्यामुळे आकडे जरा इकडेतिकडे होतात.

या दोन वह्यांवरून युरोपात मोठा घोळ झाला होता. देकार्तने १६४४ मध्ये टकरींचे नियम छापले, पण त्याच्या हिशेबात दिशा नव्हती. लहान वस्तू कितीही वेगाने आली तरी स्थिर मोठ्या वस्तूला हलवू शकत नाही, असं तो लिहून गेला. टिचकीने सोंगटी स्ट्रायकरवर मारून पाहिली असती तरी पुरलं असतं. १६६८ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीने हा प्रश्न हाती घेतला. वॉलिस, रेन आणि हायगेन्स यांनी उत्तरं पाठवली. वस्तुमान गुणिले वेगाचा वर्ग यांची बेरीजही टिकते, हे हायगेन्सने ओळखलं.

आता आवेग. संवेग बदलायला बळ लागतं आणि वेळही. दोहोंचा गुणाकार म्हणजे आवेग. १६० ग्रॅमचा क्रिकेटचा चेंडू सेकंदाला २० मीटरने आला, तर थांबवायला ३.२ एवढा आवेग हवा. हात ताठ ठेवून ५ सेंटिमीटरमध्ये थांबवलात, तर वेळ मिळतो सेकंदाचा दोनशेवा भाग, आणि तळव्यावर सरासरी ६५ किलोंचा भार. हात मागे घेत अर्ध्या मीटरमध्ये थांबवलात तर तोच भार साडेसहा किलो. आवेग दोन्ही वेळा तेवढाच.

कॅरममध्ये या आवेगाची दिशा ओळखणं म्हणजेच 'कट' मारणं. गुळगुळीत कडा एकमेकींना ढकलतात ते दोन्ही केंद्रांना जोडणाऱ्या रेषेत. स्ट्रायकर कुठूनही येवो, सोंगटी त्याच रेषेत निघते. कडेच्या घर्षणाने किंचित हलते, तेवढंच. मुरलेला खेळाडू स्ट्रायकरकडे बघतच नाही. सोंगटीच्या पाठीवरचा, भोकाच्या बरोब्बर उलट बाजूचा बिंदू तो हेरतो.

एक शेवटचं. मोकळ्या सोंगटीवर सरळ आदळलेला स्ट्रायकर त्या टकरीने कधीच मागे फिरत नाही, कारण तो जड आहे. मग चौकटीला टेकलेल्या सोंगटीवर मारला की तो उसळून परत कसा येतो? कारण तिथे टक्कर नुसत्या सोंगटीशी नाही. सोंगटीमागे चौकट आहे, चौकटीखाली स्टूल, स्टुलाखाली चाळीची फरशी. स्ट्रायकरने सोडलेला संवेग तिकडे जमा होतो. स्टूल डगमगतं असेल, तर तो तुम्हाला दिसेलही.