चंद्राच्या मातीतून अणुवीज?

कागल पंचतारांकित औद्योगिक वसाहतीत ओतकाम करायचे तर धातू आणि ऊर्जा दोन्ही हवीत. चंद्रावर वसाहत करतानाही हाच प्रश्न येईल. तेथील रात्र सुमारे १४ दिवसांची, तेव्हा सौरपट्ट्या निरुपयोगी. २३ ऑगस्ट २०२३ रोजी उतरलेले विक्रम व प्रज्ञान पहिल्या रात्रीनंतर जागे झाले नाहीत. चांद्रयान-३ च्या प्रणोदन विभागात मात्र भाभा अणुसंशोधन केंद्राने तयार केलेले प्रत्येकी १ वॅटचे दोन किरणोत्सारी उष्मक होते.

मग इंधन चंद्रावरच मिळेल का? १९९८ मध्ये सोडलेल्या ल्यूनर प्रॉस्पेक्टर यानाने गॅमा किरणांवरून तेथील थोरियमचा नकाशा काढला. समृद्ध भागात १ टन मातीत सुमारे १० ग्रॅम थोरियम आहे. १ ग्रॅम अणुइंधनाचे पूर्ण विखंडन झाले तर सुमारे १ मेगावॅट उष्णता दिवसभर मिळते!

पण थोरियम-२३२ स्वतः शृंखला अभिक्रिया चालवत नाही. न्यूट्रॉन शोषल्यावर त्याचे प्रोटॅक्टिनियम-२३३ आणि पुढे युरेनियम-२३३ बनते. प्रोटॅक्टिनियमचा अर्धायुकाल सुमारे २७ दिवस. १९९६ मध्ये सुरू झालेल्या कल्पाक्कमच्या 'कामिनी' अणुभट्टीचे इंधन हेच युरेनियम-२३३.

तेव्हा सुरुवातीचे न्यूट्रॉन देणारे इंधन पृथ्वीवरूनच न्यावे लागेल. थोरियम वेगळे करण्याचा रासायनिक कारखाना त्यानंतरचा. चंद्राची माती आधी कामी येईल ती अणुभट्टीभोवती प्रारण अडवणारा बांध म्हणून.

विद्यार्थ्यांना विचारा : १ किलो थोरियमसाठी किमान किती माती खणावी लागेल? (उत्तर : १०० टन)