दिवाणखाना: सजावटीच्या आधीचे काम

मुंबई-पुण्याच्या मध्यमवर्गीय सदनिकेतील ‘हॉल’ पाहुण्यांना बसवण्यासाठी असतो असे म्हटले जात असले, तरी त्याचा प्रत्यक्ष वापर त्याहून पुष्कळ व्यापक आहे. सकाळचा चहा आणि वर्तमानपत्र, दुपारी मुलांचा अभ्यास, रात्री गाद्या घालून निम्म्या कुटुंबाची झोप, भाद्रपदात गणपतीची आरास, संक्रांतीला हळदीकुंकू आणि प्रसंगी कांदेपोह्यांचा कार्यक्रम, हे सारे १० बाय १५ फुटांच्या आसपासच्या एकाच जागेत पार पडते. वाड्यात या कामांची वाटणी झालेली होती: परका माणूस ओसरीवर थांबे, बैठकी दिवाणखान्यात होत आणि घरातील बायकामुलांचा वावर माजघरात असे. चाळीत ती वाटणी संपली. मुंबईत १९२०च्या दशकात उभ्या राहिलेल्या बीडीडी चाळींमधील सुमारे १६० चौरस फुटांच्या खोलीत स्वयंपाकापासून झोपेपर्यंत सर्व काही होत असे आणि गप्पाटप्पांची जागा बाहेरच्या सामाईक गॅलरीत सरकली होती. सदनिकेच्या हॉलने ओसरी, माजघर आणि गॅलरी या तिन्हींचे काम स्वतःकडे घेतले आहे, आणि त्यामुळे तो नव्याने करताना शोभेच्या आधी इतर अनेक गोष्टींचा विचार करावा लागतो.

बहुतेक घरांत मात्र या कामाची सुरुवात सोफा, रंग आणि छताची नक्षी यांच्या निवडीने होते, आणि भिंत, ओल, वायरिंग व फरशी यांकडे लक्ष जाते तेव्हा ठरवलेली रक्कम संपत आलेली असते. हा क्रम उलटा असावयास हवा, कारण भिंतीआड किंवा फरशीखाली राहिलेला दोष मागाहून दुरुस्त करायचा तर त्यावर केलेले नवे काम फोडावे लागते.

सर्वांत गंभीर प्रश्न भिंत पाडण्याचा आहे. स्वयंपाकघर आणि हॉल यांमधील भिंत काढून जागा मोकळी करण्याची इच्छा स्वाभाविक असली, तरी ती भिंत इमारतीत कोणते काम करते हे आधी समजून घ्यावे लागते. आरसीसी म्हणजे लोखंडी सळ्या घातलेल्या काँक्रीटच्या सांगाड्याच्या इमारतीत स्लॅबचा भार तुळयांवर, तुळयांचा खांबांवर आणि खांबांचा पायावर जातो. तेथे खोल्यांमधील चार-साडेचार इंची विटांची भिंत बहुधा नुसता आडोसा असते आणि अभियंत्याच्या सल्ल्याने काढता येऊ शकते. जुन्या शहरभागातील भारवाही इमारतींत परिस्थिती याच्या उलट असते, कारण तेथे स्वतंत्र सांगाडा नसून वरच्या मजल्यांचे ओझे भिंतीच पेलतात. अलीकडच्या उंच इमारतींबाबत तर विशेष गैरसमज आढळतो. अ‍ॅल्युमिनियमच्या साच्यात भिंती आणि स्लॅब एकत्र ओतून उभारलेल्या, व्यवसायात ‘मिव्हान’ नावाने ओळखल्या जाणाऱ्या बांधकामात घरातील पातळ दिसणारी भिंतही सळ्या घातलेल्या काँक्रीटची आणि भार वाहणारी असते. इमारत नवी आहे म्हणून तिला हात लावण्यास हरकत नाही, हा तर्क येथे धोकादायक ठरतो. २५ जुलै २०१७ रोजी मुंबईत घाटकोपर येथे चार मजली इमारत कोसळून १७ जणांचा मृत्यू झाला, तेव्हा तळमजल्यावर नूतनीकरण सुरू होते आणि त्यात इमारतीचे आधार कमकुवत केल्याचा आरोप पुढे आला. एका घराच्या सोयीसाठी काढलेला आधार वरच्या प्रत्येक घराचा असतो, आणि म्हणूनच गृहनिर्माण संस्थेची लेखी परवानगी, महापालिकेची मंजुरी आणि संरचना अभियंत्याची पाहणी यांना केवळ कागदोपत्री अडथळे समजणे अन्यायाचे आहे. वायर लपवण्यासाठी खांबात किंवा तुळईत खाच मारणे हाही याच प्रकारचा अपराध आहे. त्या खाचेतून दमट हवा सळईपर्यंत पोहोचते, सळई गंजून फुगते आणि भोवतालचे काँक्रीट फुटू लागते.

भिंतीनंतर येते फरशी, आणि तिच्या वजनाचा हिशेब क्वचितच कोणी मांडतो. भारतीय मानकांनुसार निवासी खोलीची जमीन माणसे, सामान इत्यादी बदलत्या भारासाठी दर चौरस मीटरला सुमारे २०० किलो वजन धरून आखली जाते. जुनी फरशी न काढता तिच्यावर दोन इंच सिमेंट-वाळूचा थर आणि पाऊण इंच जाडीचा ग्रॅनाइट बसवला, तर दर चौरस मीटरला सुमारे १५० किलो कायमची भर पडते. म्हणजे १० बाय १५ फुटांच्या हॉलमध्ये सुमारे २ टन. हे वजन रात्रंदिवस स्लॅबवर राहते, आणि इमारतीतील अनेक घरांनी तेच केले तर त्याचा परिणाम पायापर्यंत जातो. जुनी फरशी उखडणे शक्य नसेल तर पातळ टाइल विशेष चिकट मिश्रणाने थेट तिच्यावर बसवण्याची पद्धत उपलब्ध आहे. तिने दर चौरस मीटरला साधारण २५ ते ३० किलोच वाढतात, मात्र दारांची खालची कड तासावी लागते आणि शेजारच्या खोलीशी पातळी जुळवावी लागते.

खरे तर अनेक जुन्या घरांत फरशी बदलण्याची गरजच नसते. सिमेंटमध्ये संगमरवराचे तुकडे मिसळून केलेली मोझेक फरशी डागाळलेली आणि निस्तेज दिसली, तरी तिचा वरचा थर काही मिलिमीटर जाड असल्याने यंत्राने घासून व पॉलिश करून ती पुन्हा नवी करता येते. उरण येथे १९२२ साली सुरू झालेल्या भारत टाइल्सच्या कारखान्यासारख्या ठिकाणी तयार झालेल्या नक्षीदार सिमेंटच्या फरश्याही अशाच पुन्हा उजळतात. अशी फरशी फोडून जागोजाग दिसणारी चकचकीत व्हिट्रिफाइड टाइल बसवणे म्हणजे टिकाऊ आणि पावलांना थंडावा देणारी वस्तू राडारोड्यात टाकणे होय, आणि त्या राडारोड्याची विल्हेवाटही नेमून दिलेल्या ठिकाणीच लावावी लागते. हा निर्णय घेण्यापूर्वी कोपऱ्यातील एक चौरस फूट घासून पाहावा, त्याला फारसा खर्च येत नाही.

कोकणपट्टी आणि मुंबईसारख्या भरपूर पावसाच्या प्रदेशात ओलीचा प्रश्न स्वतंत्रपणे हाताळावा लागतो. भिंतीवर पांढरी भुकटी सुटते तिला लोणा म्हणतात. विटा-सिमेंटमधील क्षार पाण्यात विरघळून पृष्ठभागावर येतात आणि पाणी उडून गेल्यावर तेथेच साठतात. लोणा दिसतो तेथे पाण्याची वाट आहे असे समजावे, मग ती बाहेरच्या भिंतीची चीर असो, खिडकीच्या उंबऱ्याचा उलटा उतार असो किंवा पाठीमागच्या न्हाणीघराचा गळका पाइप. भिंतीवर दोन फूट चौरस प्लॅस्टिकचा कागद चारही बाजूंनी चिकटपट्टीने बंद करून एक-दोन दिवस ठेवला, तर भिंतीकडच्या बाजूला साचलेले थेंब आतून येणारी ओल दाखवतात आणि खोलीकडच्या बाजूचे थेंब हवेतील बाष्पाचे असतात. कारण दूर न करता पुट्टी, वॉलपेपर किंवा लाकडी पॅनेल लावणे हा दोष झाकण्याचा मार्ग आहे. त्यामागे बुरशी धरते आणि लाकूड असल्यास वाळवीला आयते घर मिळते. पावसाळा संपल्यावर भिंत पूर्ण वाळू द्यावी आणि मगच रंगारी बोलवावा. दिवाळीपूर्वी रंग उरकण्याच्या घाईत ओल्या गिलाव्यावर चढवलेला रंग पुढच्या आषाढापर्यंत पोपडे धरतो.

वायरिंग बदलायचे असल्यास ते गिलाव्याआधीच व्हावे. दिव्यांसाठी दीड, १६ अँपियरच्या प्लगसाठी अडीच आणि वातानुकूलन यंत्रासाठी ४ चौरस मिलिमीटर जाडीची तांब्याची वायर सामान्यतः योग्य मानली जाते. शिवाय गळती होताच प्रवाह तोडणारा आरसीसीबी हा संरक्षक बसवला, तर विजेच्या धक्क्याने जीव जाण्याचा धोका बराच कमी होतो.

पीओपी किंवा जिप्समच्या फॉल्स सीलिंगचे आकर्षण मोठे आहे, परंतु राहत्या खोलीची किमान उंची २.७५ मीटर, म्हणजे सुमारे नऊ फूट, धरली जाते आणि अनेक हॉल जेमतेम तेवढेच असतात. त्यातून सहा-आठ इंच गेले की पंखा डोक्याजवळ येतो आणि उष्ण हवेला वर जाण्यास जागा उरत नाही. दिव्यांसाठी छत खाली आणण्यापेक्षा दिव्यांचीच वाटणी करणे अधिक शहाणपणाचे आहे: वाचण्याच्या जागी एक, भिंतीवर एक आणि छताला एक, असे स्वतंत्र बटणांचे दिवे असावेत. प्रकाशाचा रंग केल्विन या एककात मोजतात. २७०० ते ३००० केल्विनचा प्रकाश पिवळसर असतो, ६५०० केल्विनचा निळसर पांढरा, आणि संध्याकाळी बसण्याच्या खोलीला पहिला अधिक मानवतो.

फर्निचरच्या बाबतीत सर्वांत मौल्यवान गोष्ट रिकामी जमीन हीच आहे. भिंत भरून केलेले टीव्ही युनिट आणि एल आकाराचा सोफा मिळून छोट्या हॉलची निम्मी जमीन घेतात, आणि मग गावाहून आलेल्या चार माणसांच्या गाद्या कोठे घालायच्या, गणपतीचा चौरंग कोठे मांडायचा, हा प्रश्न दर वर्षी उभा राहतो. सुताराला काम देण्यापूर्वी प्रत्येक वस्तूचा आकार खडूने जमिनीवर आखावा, येण्याजाण्याच्या वाटेला तीन फूट आणि सोफा-टीपॉयमध्ये दीड फूट राहते का ते पाहावे, आणि घरातील सर्वांनी दोन दिवस त्या रेषा सांभाळून वावरावे. लोड-तक्क्यांचा दिवाण या कसोटीवर अजूनही उत्तम उतरतो, कारण तो दिवसा बैठक, रात्री पलंग आणि पोटात गाद्यांची पेटी अशी तीन कामे करतो. आसनाची उंचीही आधी मोजावी. दुकानातील खोल आणि जेमतेम १५ इंच उंचीच्या सोफ्यावरून गुडघे दुखणाऱ्या आजी-आजोबांना हाताच्या आधाराशिवाय उठता येत नाही, तर १८ इंच उंच आणि भक्कम हातांच्या खुर्चीवरून ते सहज उठतात.