कारागिरांची स्मशानभूमी

इजिप्तमध्ये लक्झरजवळ, नाईलच्या पश्चिम तीरावर राजांच्या थडग्यांची दरी आहे. प्रवाशांची झुंबड तिकडे. डोंगराच्या अलीकडे देर-अल-मदिना आहे. मी गेलो तेव्हा तिथे शुकशुकाट होता. राजांची थडगी खोदणारे व रंगवणारे कारागीर इथे राहत आणि इथेच पुरले जात. सुमारे ७० घरांची दाटीवाटीची वस्ती, तिच्या भिंतींचे अवशेष, आणि वरच्या उतारावर त्यांची थडगी.

सेन्नेजेम या कारागिराच्या थडग्यात मी उतरलो. ते १८८६ साली सापडले. भिंतीवर तो आणि त्याची बायको परलोकातले शेत नांगरतात, पीक कापतात. समोरच्या, पूर्वेकडच्या टेकडीच्या पायथ्याशी तान्ही मुले टोपल्यांत आणि रांजणांत पुरलेली आढळली.

ही माणसे आपल्याला कळतात ती मुख्यतः त्यांच्या लिखाणामुळे. वस्तीतल्या बऱ्याच जणांना लिहिता येत होते. खापरांवर, चुनखडीच्या कपच्यांवर त्यांनी हजेरी, उसनवारी, भांडणे नोंदवली. एका हजेरीपटात विंचू चावल्यामुळे गैरहजर, असे कारण आहे. मजुरी धान्यात मिळे. तिसऱ्या रामसेसच्या २९व्या वर्षी, म्हणजे इ.स.पूर्व ११५०च्या सुमारास, ती थकली. कारागिरांनी काम टाकले आणि ते राजांच्या मंदिरांपाशी जाऊन बसले. लेखी पुरावा असलेला हा सर्वांत जुना संप मानला जातो. त्याची नोंद असलेला पपायरस आज इटलीत तुरीनला आहे.

मात्र यांना 'इजिप्तचे दलित' म्हणण्याची घाई करू नये. ते राज्याचे कुशल, बऱ्यापैकी सुस्थितीतले नोकर होते. त्यांच्यासाठी राबणारे पाणके, धोबी, कोळी, लाकूडतोडे वेगळे होते. वस्तीत पाणी नव्हते. ते खालून गाढवांवर लादून आणावे लागे. त्या पाणक्यांची रंगवलेली थडगी मला इथे दिसली नाहीत. त्यांची नावे येतात ती बहुतेक कारागिरांच्या नोंदींत, किती माल पोचवला अशा हिशेबात. शोषणाच्या उतरंडीत मधल्या पायरीवरचा माणूसही वरच्याशी भांडताना खालच्याला विसरतो, हे इथे स्पष्ट दिसते.

कार्यकर्त्यांनी यातून दोन गोष्टी घ्याव्यात. संपाची, मोर्चाची नोंद आपल्यातल्याच कुणीतरी त्याच दिवशी करावी. आणि त्या नोंदीत सभेसाठी पाणी भरणाऱ्या बायांचीही नावे लिहावीत.